खजिना विहिरीचा हिशेब



इतिहासावर बोलावयास उभा राहिलेला मनुष्य शिकलेला असावा, ही आपली अपेक्षा रास्त आहे. माझी शाळा सातवीतच सुटली. पुढचे वाचन तालुक्याच्या वाचनालयात आणि ऊसतोडणीच्या फडावर कंदिलाच्या उजेडात झाले. तेव्हा पांडित्य माझ्यापाशी मागू नये.

बीड शहराच्या दक्षिणेस, सोलापूरच्या रस्त्याला, पाच-सहा किलोमीटरांवर खजिना विहीर आहे. १५८२ साली, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या अमदानीत, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली. रचना राजा भास्कर या स्थापत्यकाराची. खानाचा सारा खजिना तिच्यात गेला म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. दंतकथा असेल, पण सरकारी पैसा कोठे गेला हे रयतेला डोळ्यांनी दिसत होते, हे काही थोडके नव्हे!

या विहिरीचे पाणी शिवाराला पोचविण्यास मोट लागत नसे. जमिनीखालच्या बांधीव नळातून पाणी विहिरीत यावे आणि दुसऱ्या नळातून उताराच्या अंगाने शहरालगतच्या बलगुजार शिवाराकडे जावे, अशी योजना होती. माझ्या मते तिचे खरे मर्म त्या जाणाऱ्या नळाच्या तोंडात आहे. ते तोंड ज्या उंचीवर, तिच्याखालचे पाणी आपोआप बाहेर जाऊच शकत नाही. पाऊस बरा झाला तर शिवाराला पाणी बरे, पाऊस ओढला तर पाणीही कमी. कोणी हाव धरली तरी नळ ऐकत नाही. म्हणजे पाणी किती उपसावे याचा कायदा भास्करने कागदावर न लिहिता दगडातच बांधून ठेवला होता.

आपल्याकडे भूमी काळ्या पाषाणाची. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. खाली अखंड कातळ. जिल्ह्याचा पाऊस सरासरीने साडेसहाशे-सातशे मिलिमीटर. त्यातले जे मुरेल तेवढेच आपले. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर घेणाऱ्या यंत्रांचे पेव फुटले, विजेचे पंप आले आणि नळाच्या तोंडाची ती मर्यादा नाहीशी झाली. शेजाऱ्याने दोनशे फूट घेतला की आपण तीनशे! त्यावर उभा राहिला ऊस, ज्याला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. पावसाच्या दुपटी-तिपटीचे पीक आपण त्या मुरमाच्या भरवशावर घेऊ लागलो.

१९८७ साली नॉर्वेच्या ब्रुंटलांडबाईंच्या आयोगाने जगाला शाश्वत विकासाची व्याख्या दिली : आजची गरज भागवावी, पण पुढच्या पिढीची वाट अडवू नये. आपल्या राज्यानेही २००९ चा भूजल कायदा केला आणि २०१४ पासून शेतीसाठी साठ मीटरांहून खोल विहिरीस मनाई आली. बोअरची यंत्रे मात्र रात्रीही चालतात. त्यांचा आवाज कोणास ऐकू येत नाही असे दिसते. पुढे केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याच हंगामात मराठवाड्यात साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली होती.

येथे मला स्वतःविषयी बोलणे भाग आहे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली माणसे गावी पाणी नाही म्हणून दसरा-दिवाळीनंतर उचल घेऊन कोयता हाती धरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. अडीच-तीन दशके मी त्यांच्या टनाच्या दरासाठी भांडलो, मुकादमाच्या कमिशनाचे हिशेब केले, पश्चिम महाराष्ट्रातल्या कोप्यांतून रात्री काढल्या. एकदा अशाच एका कोपीत एका बाईने मला विचारले, "दादा, दर वाढवून देताय ते ठीक, पण आमच्या गावचं पाणी कोणत्या उसात गेलं?" मी म्हणालो, तो प्रश्न संघटनेच्या मागणीपत्रात बसत नाही. खरोखरच तो बसत नव्हता. कारण मागणीपत्र मीच लिहिले होते. अधिक ऊस म्हणजे अधिक काम, हे गणित आम्हा पुढाऱ्यांनाही गोड वाटत होते.

त्यानंतरच मी खजिना विहीर पाहावयास गेलो. इतकी वर्षे त्याच रस्त्याने टोळ्यांचे ट्रक जाताना पाहिले होते. उतरून पाहावे असे कधी वाटले नव्हते. या चैत्रात टोळ्या परत आल्या आहेत. परवा एका वस्तीवर गेलो, तर बायका घागरी घेऊन टँकरची वाट पाहत बसल्या होत्या, आणि बांधापलीकडे नवा बोअर घेणे चालले होते.