काडतुसाचे माप आणि राज्यकर्त्यांचा विश्वास

एकबारी रायफलीची रचना साधी असते. एक काडतूस भरावे, उडवावे, रिकामे कवच काढावे आणि दुसरे भरावे. काडतूस नळीच्या मागील ज्या पोकळीत बसते तिला चेंबर म्हणतात. ही पोकळी कातून लांब केली की अधिक दारूचे, अधिक शक्तीचे काडतूस त्याच बंदुकीत वापरता येते. काम वरवर कारागिराचे आहे. परंतु त्यामागचा निर्णय कारागिराचा नसतो. कातलेले पोलाद परत येत नाही आणि चेंबर एकदा बदलले की जुन्या काडतुसांचा साठा त्या शस्त्रापुरता निरुपयोगी होतो. बंदूक हा एकवेळचा खर्च, काडतूस हा आवर्ती. म्हणून चेंबरचे माप ठरविणे म्हणजे पुढील वीस-पंचवीस वर्षांची पुरवठा-व्यवस्था ठरविणे होय.

ब्रिटिश सरकारला हा हिशेब चांगला कळत होता. ठासणीच्या एन्फील्ड रायफली मोडीत न काढता त्यांच्या नळीचा मागील भाग कापून तेथे जेकब स्नायडर या अमेरिकनाची झडप बसविण्याची पद्धत १८६६ मध्ये स्वीकारण्यात आली. बोअर ०.५७७ इंच, दारू ७० ग्रेन. पुढे १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. तिच्यासाठी प्रथम योजलेले ०.४५ इंचाचे सरळ काडतूस फार लांब व नाजूक ठरले. तेव्हा स्नायडरच्याच रुंद बुडाच्या काडतुसाची लांबी थोडी वाढवून त्याची मान ०.४५ इंचापर्यंत आवळण्यात आली. अशा रीतीने बाटलीच्या आकाराच्या कवचात ८५ ग्रेन दारू मावली.

हिंदुस्थानात मात्र या तांत्रिक प्रश्नाला दुसरी बाजू होती. १८५७ च्या उठावानंतर हिंदी पलटणींचे शस्त्र गोऱ्या पलटणींच्या शस्त्राहून एक पायरी खाली ठेवावे, हे धोरण ठरले. त्याची पहिली खूण बंदुकीच्या नळीतच उमटली. हिंदी सैन्यासाठीच्या १८५८ च्या नमुन्यात एन्फील्डच्या नळीतील आटे कातून काढून ती ०.६५६ इंचांची गुळगुळीत नळी करण्यात आली. चांगले शस्त्र मुद्दाम खर्च करून कमी अचूक केले गेले. कोणताही लेखापाल या खर्चाला आक्षेप घेईल. परंतु राज्यकर्त्यांच्या दृष्टीने तो विम्याचा हप्ता होता.

हा हप्ता कोण भरत होते, हे २७ जुलै १८८० रोजी मैवंद येथे दिसले. अफगाणिस्तानातील त्या लढाईत ६६ व्या ब्रिटिश पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या, तर मुंबई लष्कराच्या पहिल्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स या पलटणींकडे स्नायडर. एकाच ब्रिगेडमध्ये, एकाच शत्रूसमोर, दोन मापांची काडतुसे होती आणि ती परस्परांच्या बंदुकीत चालत नव्हती. पराभवाची मुख्य कारणे शत्रूचे संख्याबळ आणि त्याचा वरचढ तोफखाना ही होती, हे मान्य केले पाहिजे. तरीही शेजारच्या सैनिकाची गोळी आपल्या बंदुकीत बसू नये, अशी व्यवस्था आपल्याच सरकारने केलेली असणे ही गोष्ट लहान नाही.

मापांच्या गोंधळाचा फटका पुढे खुद्द इंग्लंडलाही बसला. १८८६ मध्ये ०.४०२ इंचाची नवी एन्फील्ड-मार्टिनी मंजूर झाली. परंतु तेवढ्यात आणखी लहान बोअरच्या मॅगझीन रायफलीचा विचार पुढे आला. तीन मापांची काडतुसे एकाच वेळी पुरविणे अशक्यप्राय असल्याने त्या रायफली पुन्हा ०.४५ इंचाच्या करण्यात आल्या. हीच मार्टिनी-हेन्रीची चौथी आवृत्ती. पुढे जुन्या मार्टिनींना ०.३०३ च्या नळ्या बसवून त्या दुय्यम दलांना देण्यात आल्या. हे काडतूस मार्टिनीच्या काडतुसाहून किंचित आखूड होते, पण नव्या दारूमुळे त्याची गोळी कितीतरी वेगवान होती. लांबी म्हणजेच शक्ती हे समीकरण तेथे संपले.

अविश्वासाचे समीकरण मात्र संपले नाही. मार्टिनी-हेन्री सरहद्दीवरील टोळ्यांच्या हाती पोहोचल्या होत्या. त्यांना गोळ्या मिळू नयेत म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान व सुदान येथे ०.४५० बोअरच्या शिकारी रायफलींच्या आयातीवर बंदी आली. इंग्लंडच्या बंदूक-कारखानदारांनी लगेच ०.४६५, ०.४७० अशी नवी काडतुसे काढली. बंदी मापावर होती, म्हणून त्यांनी माप बदलले. शक्ती कमी झाली नाही, शिकारही थांबली नाही. नियमाने गैरवापराऐवजी वस्तूचे परिमाण पकडले की बाजार ते परिमाण ओलांडतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण अर्थशास्त्राच्या पुस्तकातही क्वचित सापडेल.

त्याच विचाराने इशापूरच्या कारखान्यात ०.३०३ च्या रायफली कातून, मॅगझीन बंद करून, ०.४१० बोअरच्या गुळगुळीत नळीच्या एकबारी बंदुका बनल्या आणि पोलिसांच्या हाती आल्या. राज्य आपल्याच शिपायाला किती शक्ती देऊ इच्छिते, याचे उत्तर त्या नळीत इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत कोरलेले होते.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना शस्त्राचे रूपांतर करता येत नाही, आणि ‘निषिद्ध बोअर’ ही संज्ञा आजही परवान्यांच्या कामात नित्य भेटते. शस्त्रांवर नियंत्रण असावे, याबद्दल दुमत नाही. परंतु वारशाने आलेला प्रत्येक नियम हाताळताना तो कोणाच्या भीतीतून जन्मला होता, हे प्रशासकाने विचारावे. सार्वजनिक सुरक्षिततेची भीती प्रजासत्ताकालाही असते आणि तिच्यासाठी नियम हवेतच. आपल्याच सैनिकाची व नागरिकाची भीती मात्र परक्या राज्याची होती. तिच्यातून आलेली तरतूद केवळ सवयीने चालू ठेवण्याचे आपल्याला कारण नाही.