आधी खोली, मग रिसीव्हर : प्रस्तावना

घरी सिनेमा पाहणाऱ्यांची एक तक्रार सगळीकडे ऐकू येते. मारामारी सुरू झाली की आवाज कमी करावा लागतो आणि माणसे बोलू लागली की पुन्हा वाढवावा लागतो. रिमोट काही खाली ठेवता येत नाही. उपाय म्हणून मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या एखाद्या शोरूममध्ये फेरी होते. चॅनलचे, वॉटचे आणि '८के'चे आकडे कानावर पडतात, त्यातल्या त्यात मोठ्या आकड्याचा रिसीव्हर घरी येतो, आणि तक्रार जागच्या जागी राहते. तिचे मूळ बहुधा खोलीत असते, बसण्याच्या जागेत असते, स्पीकरच्या मांडणीत असते किंवा रिसीव्हरच्या कधीच न उघडलेल्या मेनूत असते. त्या मुळापर्यंत जाऊ पाहणाऱ्या वाचकासाठी हे पुस्तक आहे.

वाचकाला इलेक्ट्रॉनिक्स आलेच पाहिजे, अशी अट नाही. शाळेत शिकलेला ध्वनीचा धडा, मोजायची टेप आणि लक्ष देऊन ऐकण्याची तयारी एवढ्यावर भागते. पण म्हणून विषय किरकोळ ठरत नाही. खोलीतल्या ध्वनीचे भौतिकशास्त्र, माणसाच्या श्रवणाचे शास्त्र आणि चित्रपटातल्या ध्वनियोजनेची कला या तिन्हींची गाठ सराउंड साउंडमध्ये पडते. प्रत्येकाचा इतिहास मोठा आहे. इथे त्यातले मोजकेच टप्पे सांगतो, कारण पुढचा प्रत्येक व्यावहारिक सल्ला त्यांच्यावरच उभा आहे.

पहिला टप्पा १८९५ सालचा. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयात नवे व्याख्यानगृह बांधले होते, पण तिथे बोललेले कुणाला समजत नव्हते. एक शब्द विरायला साडेपाच सेकंदांच्या आसपास वेळ लागे आणि तोवर पुढचे कित्येक शब्द त्यावर येऊन आदळत. वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकाने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून त्या गृहात मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज किती वेळात विरतो ते घड्याळ लावून मोजले. गाद्या वाढवत नेल्या, तसा घुमारा कमी होत गेला. खोलीचे घनफळ जितके जास्त तितका घुमारा लांबतो, आणि आवाज शोषणारे पृष्ठभाग जितके जास्त तितका तो आखडतो, हा नियम त्यातून हाती आला. आपल्या हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेच्या सरकत्या खिडक्या आणि सनमायकाची कपाटे असतात, म्हणजे आवाज परतवणारेच सगळे. खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवून पाहावी. टाळीमागे तारेसारखी झणझण ऐकू आली, तर संवाद अस्पष्ट का वाटतात याचे निम्मे उत्तर मिळाले. गालिचा, जाड पडदे आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी ती झणझण आटोक्यात येते.

दुसरा टप्पा कानाचा. आवाज कुठून आला हे आपण कसे ओळखतो, याचा उलगडा लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली केला. खालच्या स्वरांसाठी दोन कानांवर आवाज पोचण्याच्या वेळेतला फरक कामी येतो, वरच्या स्वरांसाठी दोन कानांना मिळणाऱ्या तीव्रतेतला. पुढे १९४९ साली हेल्मुट हास यांनी दाखवले की तोच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या अंतराने आला, तर कान आधी आलेल्याची दिशा खरी मानतो. सराउंड स्पीकर कानाजवळ टांगलेले असले की पात्राचा आवाज मागून आल्यासारखा का वाटतो आणि रिसीव्हरला प्रत्येक स्पीकरचे अंतर का सांगावे लागते, हे एवढ्यावरून कळते.

तिसरा टप्पा सिनेमाचा. ॲलन ब्लमलिन या इंग्रज अभियंत्याला पडद्यावरचा नट एका बाजूला आणि त्याचा आवाज भलतीकडे हे खटकले, असे सांगतात. १९३१ साली त्यांनी द्विकर्णी ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. आजचा स्टिरिओ तिथून निघाला. १९४० साली डिस्नेच्या 'फँटेशिया'साठी 'फँटासाउंड' नावाची बहुस्पीकर यंत्रणा काही निवडक थिएटरांत बसवली गेली. आपल्याकडे १९७५ सालच्या 'शोले'ने ७० मिमीच्या पडद्याबरोबर स्टिरिओफोनिक ध्वनी लोकांपर्यंत नेला. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने डॉल्बी स्टिरिओला जगभर मान्यता मिळवून दिली. १९७९ च्या 'अपोकॅलिप्स नाऊ'मध्ये वॉल्टर मर्च यांनी मागचा आवाज डावा-उजवा वेगळा केला, आणि आज आपण ज्याला ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) म्हणतो त्याची घडी तिथे बसली. १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल आले, पुढच्याच वर्षी 'जुरासिक पार्क'बरोबर डीटीएस. २०१२ साली 'ब्रेव्ह'पासून डॉल्बी ॲटमॉस सुरू झाले. त्यात आवाज ठरावीक चॅनलला बांधलेला नसतो. तो खोलीत कुठे असावा याची नोंद ध्वनीबरोबर येते, आणि आपल्याकडे जितके स्पीकर आहेत त्यांत त्याची वाटणी करण्याचे काम रिसीव्हर करतो. २०१४ पासून हे घरातही शक्य झाले.

आता खुद्द रिसीव्हरकडे येऊ. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि प्लेअर यांच्याकडून तो ध्वनी घेतो, त्याची उकल करतो, खालचे स्वर वेगळे काढून सबवूफरकडे पाठवतो, प्रत्येक स्पीकरसाठी वेळ आणि पातळी जुळवतो आणि शेवटी शक्ती देऊन स्पीकर चालवतो. दुकानात गप्पा रंगतात त्या फक्त शेवटच्या कामाच्या. आधीची चार मात्र ऐकण्याचा दर्जा ठरवतात.

वॉटचा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. समजा स्पीकरची संवेदनक्षमता ८८ डेसिबल आहे, म्हणजे एक वॉट दिल्यावर एक मीटरवर तो ८८ डेसिबल आवाज देतो. तीन मीटरवर बसले की मोकळ्या जागेत त्यातले साडेनऊ डेसिबल कमी होतात. बंद खोलीत घट थोडी कमी असते. शंभर वॉट दिले की वीस डेसिबल वाढतात. म्हणजे बसल्या जागी सुमारे ९८ डेसिबल, तेही एकाच स्पीकरकडून. घरातल्या हॉलला हे भरपूर आहे. शंभरऐवजी दोनशे वॉट घेतले तर वाढ फक्त तीन डेसिबलची, कानाला जेमतेम जाणवेल एवढी. आवाज दुप्पट मोठा वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. म्हणून मोठ्या वॉटपेक्षा जास्त संवेदनक्षमतेचा स्पीकर पुष्कळदा स्वस्तात काम करून जातो. वॉटचा आकडा किती चॅनल एकाच वेळी चालवून, कोणत्या वारंवारतेला आणि किती विकृती धरून मोजला आहे, हे माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरांत असते, ते वाचावे. स्पीकरवर छापलेल्या पीएमपीओच्या हजारोंच्या आकड्यांना या हिशेबात जागा नाही.

बाकी निवड सोपी आहे. टीव्हीवरच्या ॲपमधून सिनेमे पाहायचे असतील, तर टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे एचडीएमआय ईआर्क, म्हणजे टीव्हीचा ध्वनी रिसीव्हरकडे परत पाठवणारी जोडणी, असलेली बरी. साध्या आर्कमधूनही आकुंचित ध्वनी आणि त्यातले ॲटमॉस येऊ शकते, पण ब्लू-रेवरचा अखंड दर्जाचा ध्वनी टीव्हीमार्गे आणायला ईआर्कच लागते. स्पीकर चार ओमचे असतील तर रिसीव्हरला ते झेपतात का, हे आधी विचारून घ्यावे. आणि रिसीव्हर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंडू नये. तो तापतो, आणि आपल्या उन्हाळ्यात तर फारच. वर आणि बाजूंना हवा खेळायला मोकळी जागा हवी.

मांडणीवर या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग खर्च झाला आहे. १० बाय १५ फुटांचा हॉल घेऊ. टीव्ही लहान भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला, ही आपली नेहमीची रचना. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. त्यावरून १५ फूट लांबीत ३८ हर्ट्झच्या आसपास आणि १० फूट रुंदीत ५७ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमू लागते. हा घुमारा भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून सोफा भिंतीपासून दोन फूट जरी पुढे ओढला तरी फरक पडतो, आणि तो नेमका मध्यावर ठेवणेही टाळावे. सोफ्यामागे जागा सोडताच येत नसेल, तर ७.१ च्या मोहात पडू नये. मागचे दोन स्पीकर डोक्यावर येतील. त्यापेक्षा नीट मांडलेले ५.१ किती तरी चांगले. पुढचे डावे-उजवे स्पीकर मध्यरेषेपासून साधारण ३० अंशांवर आणि सराउंड स्पीकर ११० अंशांच्या आसपास, म्हणजे कानाच्या किंचित मागे, ही आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. सेंटर स्पीकरमधून बहुतेक सगळे संवाद येतात. तो कपाटात खोल सरकवू नये. पुढच्या कडेशी आणून त्याचे तोंड थोडे वर, ऐकणाऱ्याच्या कानाकडे करावे.

सबवूफरची जागा शोधण्याची एक खात्रीची रीत आहे. तो उचलून थेट सोफ्यावर, आपण बसतो त्या जागी ठेवायचा. बासचा संथ चढउतार असलेली एखादी गत लावायची, आणि आपण भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत जायचे. एका कोपऱ्यात सगळे सूर गडगडून एकमेकांत मिसळतील, दोन फूट पुढे एखादा सूर पार गायब होईल, आणि एखाद्या ठिकाणी सगळे सूर सारख्या ठसक्याने, वेगवेगळे ऐकू येतील. सबवूफरची जागा ती. खोली दोन्ही दिशांनी सारखीच वागते, म्हणून ही रीत चालते. घरातल्या मुलांना हा प्रयोग फार आवडतो, आणि भौतिकशास्त्राचा एक धडा त्यातून कायमचा लक्षात राहतो.

मग रिसीव्हरबरोबर आलेला, स्पीकरची मोजणी करणारा मायक्रोफोन. तो सोफ्याच्या पाठीवर ठेवू नये. तिपाईवर कानाच्या उंचीला लावावा, पंखा आणि एसी बंद करावेत. मोजणी झाल्यावर मेनू उघडून तीन गोष्टी तपासाव्यात. अंतरे टेपशी जुळतात का? डावा स्पीकर तीन मीटरवर आणि सराउंड दीड मीटरवर असेल, तर सराउंडचा आवाज सुमारे सव्वाचार मिलिसेकंद आधी पोचतो. रिसीव्हर तेवढा वेळ तो थोपवून धरतो. सबवूफरचे अंतर मात्र टेपपेक्षा बरेच जास्त दिसू शकते, कारण त्याच्या आतल्या यंत्रणेला लागणारा वेळही त्यात धरलेला असतो. तो आकडा बदलू नये. दुसरे, रिसीव्हरने स्पीकर 'लार्ज' ठरवले असतील तर ते 'स्मॉल' करून ८० हर्ट्झखालचे सगळे सबवूफरकडे द्यावे. तिसरे, लाल-काळ्या तारा उलटसुलट लागलेल्या नाहीत ना? एक जरी उलटी असली तर बास पातळ होतो आणि मधला आवाज विस्कटतो.

एवढे झाल्यावर पहिल्या परिच्छेदातल्या तक्रारीला हात घालता येतो. सेंटर स्पीकरची पातळी दोन डेसिबल वाढवावी. रात्री शेजाऱ्यांचा विचार करायचा तर आवाजाचा पल्ला आखडणारी 'नाइट मोड'सारखी सोय चालू करावी. स्फोट खाली येतात, कुजबुज वर येते. गाण्याच्या वेळी मात्र उलट वागावे. पंडित भीमसेन जोशींचे जुने ध्वनिमुद्रण पाच स्पीकरमध्ये पसरवण्याचे कारण नाही. ते आहे तसे, दोन स्पीकरवर ऐकावे. रिसीव्हरवर त्यासाठी 'डायरेक्ट' किंवा 'स्टिरिओ' असे बटण असते.

शेवटी, हे पुस्तक मराठीत लिहिण्यामागचे कारण. या विषयावरचे उत्तम लेखन बहुतांशी अमेरिका आणि कॅनडातले आहे. फ्लॉइड टूल यांच्यासारख्या संशोधकांनी तिथल्या खोल्या वर्षानुवर्षे मोजल्या. पण तिथली घरे लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून उभारतात. ते पत्रे बासबरोबर थरथरतात आणि त्यातला काही भाग गिळून टाकतात. आपल्या विटा आणि आरसीसीच्या भिंती तो जवळजवळ सगळा परत पाठवतात. त्यामुळे तिथल्या खोलीत जो सबवूफर माफक वाटतो, तो आपल्या हॉलमध्ये घुमू लागतो, आणि पडद्या-गालिच्यांनी ते घुमणे जात नाही, कारण पातळ कापड फक्त वरचे स्वर शोषते. म्हणजे आपल्या घरांसाठीचे सल्ले आपल्यालाच मोजून काढावे लागतील. रूम ईक्यू विझार्ड हा प्रोग्रॅम फुकट मिळतो, आणि यूएसबीवर चालणारा मोजणीचा मायक्रोफोन मधल्या दर्जाच्या स्पीकरपेक्षा स्वस्त पडतो.

म्हणून वाचकाला विनंती अशी, की पुस्तक वाचताना टेप आणि वही जवळ ठेवावी. खोलीची लांबी-रुंदी-उंची, भिंतीचा प्रकार, सोफ्याची जागा आणि सबवूफरची सर्वांत चांगली ठरलेली जागा यांची नोंद करावी, आणि ती ओळखीच्या दुसऱ्या ऐकणाऱ्याच्या नोंदीशी ताडून पाहावी. चाळीतली खोली, वन-बीएचकेचा हॉल, कोकणातले चिऱ्याचे घर, वाड्यातले माडीघर, या प्रत्येकाचा ध्वनी वेगळा आहे आणि तो नीट टिपून ठेवण्याचे काम अजून व्हायचे आहे. ते काम कोणत्याही प्रयोगशाळेइतकेच आपल्या दिवाणखान्यांतही होऊ शकते. त्यात जो कोणी येईल त्याचे स्वागत आहे.