आसंजक-रिव्हेट सांधा

पोलाद आणि ॲल्युमिनियम यांसारख्या विजातीय धातूंचे पत्रे आसंजकाने, बहुधा इपॉक्सी रेझिनाने, चिकटवून त्याच जोडात रिव्हेट, बोल्ट किंवा स्क्रूही बसविण्याची पद्धत. ॲल्युमिनियम ६६०° से.ला, तर लोखंड १५३८° से.ला वितळत असल्याने, आणि दोहोंचा रस एकत्र येताच सीमेवर ठिसूळ संयुगांचा थर जमत असल्याने, वेल्डिंगचा नेहमीचा मार्ग येथे बहुतांशी बंद असतो.

नुसते रिव्हेट मारावेत, तर फटीत ओल शिरून दोन धातूंचा विद्युत्‌घट तयार होतो व ॲल्युमिनियम झिजू लागते. आसंजकाचा अखंड थर ही ओल आणि धातूंचा परस्परस्पर्श दोन्ही रोखतो. मधला थर निकामी झाला म्हणजे काय होते, याचा दाखला न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यात मिळतो : तांब्याचे पत्रे व लोखंडी सांगाडा यांच्यामध्ये लाखेत भिजविलेल्या ॲस्बेस्टॉसची तजवीज केलेली असूनही कालांतराने लोखंड गंजून फुगले, आणि १९८४–८६ च्या डागडुजीत पत्र्यांमागील लोखंडी पट्ट्यांच्या जागी गंजरोधक पोलाद घालावे लागले.

दोन उपायांचे बळ बेरजेने वाढते, हा सर्रास आढळणारा समज मात्र बरोबर नव्हे. आसंजकाचा थर भार साऱ्या क्षेत्रफळावर पसरवितो व रिव्हेटापेक्षा पुष्कळ ताठर वागतो, त्यामुळे तो शाबूत आहे तोवर रिव्हेटाच्या वाट्याला भार जवळजवळ येतच नाही. रिव्हेटाची खरी चाकरी आरंभी आणि अखेरीस असते. मोटारींच्या कारखान्यांत आसंजक रंगाच्या भट्टीत सुमारे १८०° से.ला पक्के होते, आणि तेथवर तापताना एक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी तेवढ्याच पोलादी पट्टीपेक्षा दीड मिलिमीटरहून अधिक वाढते, तेव्हा पाव मिलिमीटर जाडीच्या ओल्या थरावर पत्रे जागचे हलू नयेत, याचा बंदोबस्त रिव्हेटच करतात. पुढे एखाद्या धडकेत पत्र्याची कड सोलली जाऊ लागली, तर अशा ओढीपुढे आसंजक दुबळे असल्याने, सुटत चाललेला जोड रिव्हेटापाशी येऊन अडतो.

आसंजकाने दगा दिल्यास सारी मदार रिव्हेटांवर येते. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवरील हिलोहून होनोलुलूस निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा सुमारे साडेपाच मीटर भाग आकाशात उखडून गेला व एक हवाईसेविका प्राणास मुकली. जोड ॲल्युमिनियमचा ॲल्युमिनियमशीच होता, परंतु पत्र्यांमधील चिकटबंध सुटल्याने भार रिव्हेटांच्या छिद्रांवर पडून तेथूनच भेगा पसरल्या होत्या. सबब रिव्हेट जागच्या जागी दिसतो, एवढ्यावरून सांधा शाबूत असल्याचा निर्वाळा परीक्षकाने देऊ नये.