चौकातलं गाणं, जात्यावरचं गाणं
प्रस्तावना

रायपूरच्या बूढापाऱ्यात मराठी घरं जुनी आहेत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला आणि त्यामागोमाग कारकून, भिक्षुक, पुढे वकील आणि मास्तर येत राहिले. 1854 मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं, तरी ही माणसं इथंच राहिली. मध्य प्रांताच्या काळात रायपूरची राजधानी नागपूरच होती. मग 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर मध्य प्रदेशात राहिलं. बरोबर 44 वर्षांनी छत्तीसगड वेगळं झालं. घर जागचं हललं नाही, त्याच्याभोवतीचं राज्य तेवढं बदलत गेलं.

अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या चिकानो समाजाची ओळख करून द्यायला मला यापेक्षा जवळची वाट सापडत नाही. 1848 च्या ग्वादालुपे इदाल्गो तहानं मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेकडे गेला. तिथं राहणारे मेक्सिकन एका रात्रीत परक्या देशाचे रहिवासी झाले. सरहद्द आम्ही ओलांडली नाही, सरहद्दीनंच आम्हाला ओलांडलं, असं त्यांचे वारस आजही म्हणतात. उपमा मात्र इथंच थांबवलेली बरी. आपले पूर्वज इथं राज्यकर्त्यांच्या पाठोपाठ आले होते, आणि त्यांच्या पूर्वजांच्या पायाखालची जमीन गेली होती. गाण्याचा अभ्यास करताना हा फरक विसरून चालत नाही, कारण गाण्यातला राग कुठून येतो हे त्यावरच ठरतं.

या समाजाचं रॅप 1990 च्या सुमारास सगळ्यांच्या कानावर आलं. पूर्व लॉस एंजेलिसच्या किड फ्रॉस्टचं ‘ला रासा’ त्या वर्षीचं. पुढच्याच वर्षी साउथ गेट या कामगारवस्तीतून सायप्रेस हिल या गटाचा पहिला अल्बम आला. साउथ गेटमधला जनरल मोटर्सचा कारखाना 1982 मध्ये बंद झाला होता. मराठी वाचकाला हे साल वेगळं सांगायला नको. त्याच वर्षीच्या जानेवारीत गिरणगावचा संप सुरू झाला होता. बापाच्या हातचं काम गेलं की मुलाच्या मर्दानगीचं माप बदलतं. पगाराचं पाकीट घरी आणणारा तो पुरुष, ही व्याख्या मोडते आणि तिच्या जागी ज्याला गल्ली घाबरते तो पुरुष, ही व्याख्या येते. चिकानो रॅपमधली पिस्तुलं, तुरुंग, टोळीभाऊ आणि बायांविषयीची तुच्छ भाषा या जागेवरून वाचायला हवी.

पँचो मॅकफारलंड यांचं या विषयावरचं पुस्तक 2008 मध्ये आलं. या गाण्यांतल्या स्त्रीद्वेषाचं आणि हिंसेचं खापर त्यांनी वस्तीवर फोडलं नाही. घरातली मेक्सिकन पुरुषसत्ता, शेजारच्या कृष्णवर्णीय हिप-हॉपचे वळसे आणि हिंसा विकून गल्ला भरणारी बडी अमेरिकन करमणूक, असे तिन्ही ओघ त्यांनी दाखवले. या ओघांच्याही मागे कोरिदोची परंपरा उभी आहे. कोरिदो म्हणजे सरहद्दीवरचा पोवाडाच म्हणा ना. अमेरिको परेदेस यांनी 1958 मध्ये ग्रेगोरियो कोर्तेसच्या कोरिदोवर ग्रंथ लिहिला. 1901 मध्ये टेक्सासात एका शेरीफवर गोळी झाडून पळालेला हा शेतकरी लोकांच्या गाण्यात वीर झाला. अन्यायाविरुद्ध एकटा उभा राहिलेला, हातात पिस्तूल घेतलेला पुरुष हे चित्र तिथं पक्कं झालं. या चित्रात बाई वाट पाहणारी तरी असते, नाहीतर दगा देणारी.

हे वाचून ‘तिकडचे लोक’ म्हणत मान हलवण्याआधी आपल्या घरात डोकावू. 1659 च्या अफजलखान वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आपण अभिमानानं जपला आहे. डफावर थाप पडली की आपलंही रक्त सळसळतं, आणि त्या सळसळण्यात बाईला फारशी जागा नसते. लावणीत ती सापडते, पण होनाजी बाळा, रामजोशी, परशराम यांच्या लेखणीतून. ‘मी’ म्हणणारी बाई, शब्द पुरुषाचे. ही सोय वाईटच असं माझं म्हणणं नाही, तिच्यातून उत्तम काव्य निघालं. पण बाईचा आवाज ऐकला असं त्यावरून समजायचं नाही.

तो आवाज ऐकायला जात्यापाशी जावं लागतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माहेर, विठ्ठल आणि आंबेडकर आहेत, तशीच नवऱ्याची मारहाण आणि सासुरवासही आहेत. इकडे छत्तीसगडात दिवाळीच्या सुमारास बाया आणि मुली टोपलीत धानावर मातीचा पोपट ठेवतात, त्याच्याभोवती फेर धरतात आणि टाळ्यांच्या ठेक्यावर त्याला आपलं दुःख सांगतात. हे सुवा गीत. बाईचा जन्म पुन्हा नको, ही त्यातली जुनी तक्रार. ती माणसाला सांगायची सोय नाही, म्हणून पोपटाला सांगायची.

गाण्यातली हिंसा आणि पुरुषपण यांच्या अभ्यासात येणाऱ्याला मला एवढंच सांगायचं आहे. हिंसा करणाऱ्याचं गाणं चौकात गायलं जातं, सोसणारीचं जात्यावर. चौकातल्या गाण्याला डफ मिळतो, माइक मिळतो, कंपनी मिळते, कधी पोलिसांची नोटीसही मिळते. जात्यावरच्या गाण्याला श्रोताच नसतो, म्हणून ते अभ्यासकाच्या कानावर उशिरा येतं. फक्त चौक ऐकून लिहिलेला अभ्यास अर्धा राहतो, मग त्यात चौकाची कितीही कडक निंदा केलेली असो.

जात्यापासून उठून चौकात आलेली बाई पाहायला बूढापाऱ्यापासून लांब जायला नको. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई 1956 मध्ये पारधी समाजात जन्मल्या. पंडवानी, म्हणजे छत्तीसगडी बोलीतलं महाभारतकथेचं गायन, त्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकत उचललं. बायांनी गायचं तर वेदमती शैलीत, बसून, असा रिवाज होता. उभं राहून, अंगविक्षेपांसह गायची कापालिक शैली पुरुषांची मानली जाई. ती तीजनबाईंनी घेतली, आणि गाते म्हणून समाजानं त्यांना बाहेर काढलं. त्यांच्या हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचं धनुष्य. साथीदार ‘रागी’ हुंकार देतो आणि दुःशासनाचा वध होतो. रक्तपात महाभारतातलाच आहे, एका शब्दानंही कमी केलेला नाही, पण तो बाईच्या देहातून येतो तेव्हा द्रौपदीची शपथ भीमाच्या पराक्रमाचं निमित्त उरत नाही. ती कथेची मालकीण होते. 2019 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. मला मात्र त्या सन्मानापेक्षा एक गोष्ट जास्त शिकवते: हिंसेचा अर्थ शब्दांइतकाच गाणाऱ्याच्या देहात असतो.

रॅपलाही हेच लागू आहे. पुण्याच्या एमसी स्टॅनला 2023 मध्ये ‘बिग बॉस’ जिंकताना पाहणाऱ्या तरुणांना वस्तीची भाषा दूरदर्शन संचावर आल्याचा आनंद झाला; तो खरा होता. त्याच भाषेत बाई कुठं उभी आहे, हा प्रश्नही तितकाच खरा. त्याचं उत्तर देणाऱ्या बायाही आहेत. महादेव कोळी समाजातली माही जी, म्हणजे मधुरा घाणे, जंगल आणि जात यांवर रॅप करते. मुंबईत ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’ हा फक्त मुलींचा गट आहे. चिकानो समाजातल्या गायिकांतही मिस क्रेझीसारख्या आवाजांनी टोळीची तीच कठोर बोली बाईच्या तोंडी घातली. त्यानं पुरुषसत्ता मोडली की तिचीच नक्कल झाली, यावर वाद आहे. तो सोडवायची घाई करू नका.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. गाणं म्हणजे कबुलीजबाब नव्हे. रॅपचे शब्द न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सर्रास वापरले जाऊ लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाला 2022 मध्ये त्यावर बंधन घालणारा कायदा करावा लागला. अभ्यासकानं फिर्यादी वकील व्हायचं नाही. दुसरी गोष्ट याच्या उलट: गाणं ‘नुसतं गाणं’ही नव्हे. रोज कानावर पडणारी शिवी घरातल्या कुणाला तरी लागत असते. या दोन वाक्यांच्या मधली अडचणीची जागा हीच आपली बसायची जागा.

बूढापाऱ्यात बसून हे लिहायचं आणखी एक कारण आहे. रायपूर ही कर्मभूमी केलेल्या माधवराव सप्रे यांनी चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरचा मराठी ग्रंथ हिंदीत नेला, ‘गीतारहस्य’ आणि ‘दासबोध’ही नेले, आणि याच शहरात मुलींसाठी शाळाही काढली. मराठीतून हिंदीत जाणारी ती वाट आता उलटीही चालायला हवी. पंडवानी, भरथरी, सुवा या छत्तीसगडी गायनप्रकारांवर मराठीत लिहिणारे अभ्यासक हवेत. लॉस एंजेलिसच्या गल्लीवर लिहिणारे हवेत, आणि आपल्याच आळीतल्या डीजेवर लिहिणारेही.

सुरुवातीला फार काही लागत नाही. दिवाळीत सुवा नाचणाऱ्या बाया दाराशी येतात. त्यांच्या टोपलीत धान किंवा नोट टाकून आपण सहसा दार लावून घेतो. या वर्षी गाणं संपेपर्यंत उंबऱ्यावर उभे राहा.

बूढापारा, रायपूर