बोगनवेल : नाव एकाचे, हात दुसऱ्याचे

हिवाळा सरून उन्हे तापू लागली की आपल्याकडील बहुतेक फुलझाडे पाण्यासाठी आसुसतात. बोगनवेल मात्र नेमकी याच दिवसांत बहराने लहडते. बडोदे, इंदूर, बेळगाव, पणजी, हैदराबाद यांपैकी कोणत्याही गावी जावे. जुन्या बंगल्याच्या फाटकावर, शाळेच्या कुंपणावर आणि अलीकडे महामार्गाच्या दुभाजकावरही ती भेटतेच. ती इतकी परिचित झाली आहे की तिचे परकेपण आपल्या ध्यानी येत नाही. तिचे नावही अस्सल मराठी वाटते. मूळ ‘बूगेंव्हिलिया’तील ‘व्हिलिया’चा आपल्या लोकांनी सहजगत्या ‘वेल’ केला आणि परदेशी शब्द घरचा करून टाकला. वास्तविक ती काटेकोर अर्थाने वेलही नव्हे. तिला तणावे नसतात. काट्यांच्या आधाराने दुसऱ्यावर चढणारे ते एक झुडूप आहे, आणि नियमाने छाटत राहिल्यास ते झुडूप म्हणूनच सुखाने नांदते. ज्याला आपण तिचे फूल म्हणतो तेही फूल नव्हे. ती रंगीत पाने, म्हणजे छदे होत. खरे फूल त्या तीन छदांच्या मध्यभागी असलेली बारीक, पांढुरकी नळी.

नावाने आणि रूपाने अशी दुहेरी हुलकावणी देणाऱ्या या झुडपाच्या इतिहासातही एक हुलकावणी आहे. नावात एका फ्रेंच दर्यावर्दीची स्मृती आहे. पण ज्या हातांनी ही वनस्पती विज्ञानाच्या दप्तरी पोचवली, त्यांचा त्या नावात मागमूस नाही.

लुई आंत्वान द बूगेंव्हिल हा फ्रेंच आरमारातील अधिकारी १७६६ च्या अखेरीस पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. ‘बूदूझ’ आणि ‘एत्वाल’ ही दोन जहाजे आणि तीनशेहून अधिक माणसे या मोहिमेत होती. राजाश्रयाने निघालेली ही पहिली फ्रेंच पृथ्वीप्रदक्षिणा. मोहिमेचा निसर्गशास्त्रज्ञ म्हणून फिलिबेर कॉमर्सों याची नेमणूक झाली होती. ‘एत्वाल’वर त्याच्यासोबत एक तरुण सहायक चढला. सहायकाचे नाव झां बारे असे लिहिले गेले. प्रत्यक्षात ती झान बारे नावाची स्त्री होती. १७४० साली बर्गंडी प्रांतातील एका खेड्यात, मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबात तिचा जन्म झाला. पुढे ती कॉमर्सोंच्या घरी कामाला लागली, त्याची सहचरी झाली, आणि झाडपाला गोळा करणे, दाबून वाळवणे, क्रमाने लावून ठेवणे या कामांत तरबेज झाली. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर स्त्रियांना मज्जाव होता. म्हणून पुरुषी वेष आणि पुरुषी नाव.

१७६७ च्या जून महिन्यात दोन्ही जहाजे ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे एकत्र आली. इकडे पुण्यात थोरले माधवराव पेशवेपदावर होते आणि माळव्याचा कारभार अहिल्याबाईंनी हाती घेतला तेही हेच वर्ष. रिओवर ज्या पोर्तुगालची सत्ता होती, त्याच पोर्तुगालची गोव्यावरही होती. गोव्याचा काजू मूळचा ब्राझीलचाच. रिओतील हवा फ्रेंचांना मानवणारी नव्हती. व्हाइसरॉय संशयी होता, आणि ‘एत्वाल’वरील पाद्र्याचा शहरात खून झाला. अशा परिस्थितीतही वनस्पतींचे नमुने गोळा झाले. त्यांत जांभळट छदांच्या एका काटेरी झुडपाच्या फांद्या होत्या. कॉमर्सोंने त्या झुडपाला आपल्या नायकाचे नाव दिले.

त्या फांद्या तोडल्या कोणी? कॉमर्सोंच्या पायाला जुनी व्याधी होती आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर असताना ती चिघळलेली होती. रानात लांबवर चालणे त्याला अवघड होते. त्यामुळे हे झुडूप प्रथम बारेच्याच दृष्टीस पडले असावे, असे मत तिची चरित्रकार ग्लिनिस रिडली हिने २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले आहे. हा पुरावा परिस्थितिजन्य आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु बारेच्या कष्टांविषयी शंका घेण्याचे कारण नाही, कारण त्याचा साक्षीदार खुद्द बूगेंव्हिल आहे. १७७१ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने लिहिले आहे की, मॅगेलनच्या सामुद्रधुनीतील बर्फाळ डोंगरांवर शिधा, शस्त्रे आणि वनस्पतींच्या वह्या पाठीवर वाहत ती कॉमर्सोंबरोबर सर्वत्र हिंडली. तिला तो कसलेली वनस्पतिज्ञ म्हणतो. आणि त्याच वृत्तान्तात हेही येते की कॉमर्सों तिला आपले ओझ्याचे जनावर म्हणत असे. एकाच माणसाची ही दोन वर्णने शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, म्हणजे त्या काळी सेवकाच्या ज्ञानाची किंमत काय होती ते कळते.

१७६८ च्या एप्रिलमध्ये जहाजे ताहिती बेटावर पोचली आणि तेथे बारेचे गुपित फुटले, असे बूगेंव्हिल सांगतो. जहाजावरील इतरांच्या दैनंदिन्यांत ही हकीकत वेगळ्या रीतीने येते. स्थळ आणि प्रसंग यांविषयी त्यांचे एकमत नाही. एवढे खरे की बूगेंव्हिलने तिला कठोर शासन केले नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मॉरिशसला पोचल्यावर कॉमर्सों आणि बारे तेथेच उतरले. त्या बेटाचा फ्रेंच प्रशासक पिएर प्वाव्र हा स्वतः वनस्पतींचा मोठा शौकीन होता. त्याच्या आश्रयाने दोघांनी मॉरिशस आणि मादागास्कर येथील वनस्पती जमवल्या. १७७३ च्या मार्चमध्ये कॉमर्सों मॉरिशसमध्ये वारला. त्याच्या मृत्यूची वार्ता पोचण्यापूर्वीच पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला सभासद म्हणून निवडले होते.

बारे मागे एकटी उरली. १७७४ मध्ये तिने झां द्यूबेर्ना या फ्रेंच सैनिकाशी विवाह केला आणि त्यानंतर ती फ्रान्सला परतली. मायदेशी पाऊल टाकताच तिची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली. अशी प्रदक्षिणा करणारी ज्ञात इतिहासातील ती पहिली स्त्री. स्वागताला कोणी आले नाही. १७८५ मध्ये आरमार खात्याने तिला सालीना २०० लिव्र निवृत्तिवेतन मंजूर केले आणि १८०७ मध्ये ती निवर्तली. बूगेंव्हिल १८११ मध्ये वारला तेव्हा तो नेपोलियनने केलेला काउंट होता. त्याचा देह पॅरिसच्या पँथिऑनमध्ये विसावला. पॅसिफिक महासागरातील एका मोठ्या बेटालाही त्याचे नाव आहे.

कॉमर्सोंच्या संग्रहाच्या पेट्या पॅरिसला पोचल्या होत्या. त्यांच्या आधारे आंत्वान लोराँ द ज्यूस्यू याने १७८९ मध्ये या प्रजातीचे नाव छापले. ते ‘बूजिनव्हिलिया’ असे काहीसे वेड्यावाकड्या वर्णांत छापले गेले आणि आजचे वर्णलेखन रूढ होण्यास विसाव्या शतकाचा चौथा दशक उजाडावा लागला. १७९९ मध्ये विल्देनोव्ह याने ‘स्पेक्टाबिलिस’, म्हणजे प्रेक्षणीय, ही जाती वर्णिली. कॉमर्सोंचे नाव सत्तरहून अधिक जातींना मिळाले. बारेच्या नावानेही एक प्रजाती करावी असे कॉमर्सोंच्या मनात होते. मादागास्करच्या एका वनस्पतीला त्याने हस्तलिखितात तिचे नाव दिलेही. त्या वनस्पतीची पाने एकाच झाडावर निरनिराळ्या आकारांची असतात. अनेक रूपे धारण केलेल्या स्त्रीला ते नाव शोभले असते. पण ती वनस्पती दुसऱ्याच नावाने शास्त्रात रूढ झाली आणि बारेचे नाव कागदातच राहिले. अखेर २०१२ मध्ये एरिक टेपी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक्वादोर व पेरू या देशांत आढळणाऱ्या, वांगे-बटाट्याच्या गोत्रातील एका नव्या जातीला ‘सोलॅनम बारेतिए’ हे नाव दिले. तिचीही पाने बहुरूपी आहेत.

ही सगळी कथा दूरदेशीची म्हणून बाजूला ठेवता येईल. पण बोगनवेल आपल्या देशात आल्यावरही तीच रीत चालू राहिली. १९१० मध्ये मिसेस बट नावाच्या बाईंनी कोलंबियातील कार्ताहेना येथून एका गडद लाल बोगनवेलीची काडी त्रिनिदादला नेली. पुढे तिच्यावरून ‘बटियाना’ हे लॅटिन नावच रूढ झाले. त्या ‘मिसेस बट’च्या झुडपावर कोलकात्यात एक फांदी वेगळी निपजली, तिच्यावर पांढरी आणि किरमिजी अशा दोन्ही रंगांची छदे होती. तीच आज घरोघरी दिसणारी ‘मेरी पामर’. कोलकात्यात बोगनवेलीची जोपासना करण्यात अग्रभागी होती ती ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी. विल्यम कॅरे यांनी ती १८२० मध्ये स्थापन केली. मराठी वाचकाला हे नाव नवे नाही. १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा मराठी कोश याच कॅरे यांचे. स्वातंत्र्योत्तर काळात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनी बोगनवेलीवर मोलाचे काम केले आणि १९६६ पासून जगभरातील बोगनवेलीच्या वाणांची नोंदणी त्याच संस्थेकडे आली.

या वाणांची नावे वाचू लागावे : मिसेस बट, मेरी पामर, लेडी मेरी बेरिंग, लुई वॉथेन. बहुतेक साहेबांच्या समाजातील व्यक्ती. वेगळी फांदी प्रथम कोणा माळ्याने पाहिली, ती छाटणीत न जाऊ देता कोणी राखली, तिची काडी कोणी रुजवली, हे नावावरून कळत नाही. आणि बोगनवेलीच्या बाबतीत ही राखणच सर्वस्व आहे. दुहेरी छदांच्या आणि चितकबऱ्या पानांच्या बागेतील वाणांना बी सहसा धरत नाही. धरले तरी त्यातून तोच वाण उतरण्याची खात्री नसते. ‘मेरी पामर’चे प्रत्येक झाड हे मूळच्या त्या एका फांदीचाच विस्तार आहे. हातातून हातात काडी गेली नसती, तर तो वाण त्याच बागेत संपला असता.

जोपासनेचे तंत्रही पुस्तकापेक्षा हातांनी अधिक सांभाळले आहे. दिवसाचे निदान सहा तास तरी स्वच्छ ऊन हवे. सावलीत नुसती पाने माजतात. पावसाळा संपला की पाणी हळूहळू तोडावे आणि कोवळे शेंडे मान टाकू लागले की मगच द्यावे. या ताणानेच बहर येतो. शेणखत माफक असावे. नत्र अधिक झाले तर लांब काटेरी फुटवे सुटतात आणि रंग लोपतो. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून एक बहर ओसरला की छाटणी करावी. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या जून काड्या लावाव्यात. ज्या वाणाच्या काड्या रुजत नाहीत त्याची गुटी बांधावी. मुळे फार नाजूक असतात, म्हणून कुंडी बदलताना मातीचा गोळा फुटू देऊ नये. आणि चितकबऱ्या वाणावर निव्वळ हिरवा फुटवा दिसला तर तो वेळीच बुडापासून काढावा. तो अधिक जोमदार असल्याने काही वर्षांत साऱ्या झाडाचा ताबा घेतो. हे शेवटचे काम नजरेचे आहे. त्यात एका माळ्याने दोन-चार वर्षे हयगय केली तर वाण हातचा जातो.

बडोद्याच्या बागांचा इतिहास लिहिताना १८९३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या सेवेत आलेल्या गुस्ताव हेर्मान क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाचे नाव यथायोग्य घेतले जाते. पुढे तो म्हैसूर संस्थानात जाऊन बंगळूरच्या लालबागेचा प्रमुख झाला. १८७९ मध्ये खुल्या झालेल्या सयाजीबागेत पिढ्यान्‌पिढ्या कुदळ आणि कात्री चालवणाऱ्यांची नावे मात्र आपल्या लेखनात येत नाहीत. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव येथील जुन्या बागांविषयीही असेच म्हणावे लागेल. संस्थानी बागांत काम केलेल्या माळ्यांची मुले-नातवंडे आजही अनेक गावी रोपवाटिका चालवतात. कोणत्या वाणाला ते घरात काय म्हणतात, छाटणीचा मुहूर्त कशावरून ठरवतात, कोणती काडी कोठून आली, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांच्या बोलीत मराठीबरोबर गुजराती, हिंदी, कन्नड शब्द मिसळलेले असतात, आणि भाषेच्या अभ्यासकालाही त्यात पुष्कळ सापडेल. आपल्यासारख्या साहित्यसंस्थांनी हे कथन त्यांच्याकडून, त्यांच्या नावानिशी उतरवून घेतले पाहिजे. झान बारेचे नाव वनस्पतीला मिळण्यास रिओच्या त्या मुक्कामापासून २४५ वर्षे लागली. आपल्या गावच्या माळ्यांच्या बाबतीत तितका काळ थांबण्याचे कारण नाही.