इंधनदाबाची चावी कुणाच्या हाती?

#थ्रेड

१/७
मुंबई-कोलकाता महामार्गावर, भंडारा जिल्ह्यातील गडेगाव येथे १९८२ मध्ये अशोक लेलँडचा कारखाना स्थापन झाला. इंजिनाला किती इंधन मिळावे, हा निर्णय तेव्हा बव्हंशी मिस्त्रीच्या हाती होता. पुढील चार दशकांत तो त्याच्या हातून कसा निसटला, याचा हा इतिहास.

२/७
ट्रकच्या डिझेल पंपाचे मूळ १९२७ मध्ये बॉशने स्टुटगार्टला सुरू केलेल्या उत्पादनात आहे. भारतात ही विद्या मायकोने रुजवली. तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल घडू लागले. नोझलच्या स्प्रिंगवर पातळ चकती घातली, की ते उघडण्याचा दाब वाढे. हे काम गावातल्या वर्कशॉपमध्येही होई.

३/७
पेट्रोल मोटारीत कार्ब्युरेटरचा स्क्रू हेच साधन होते. २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात युरो मानके लागू करण्याचा आदेश दिला. धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरला १ भाग पेट्रोलास १४.७ भाग हवा, असे काटेकोर प्रमाण लागते. म्हणून इंजेक्शन प्रणालीचा प्रसार झाला.

४/७
या प्रणालीत संगणक इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा एवढेच ठरवतो. दाब स्थिर राखतो तो रेग्युलेटर: आत पडदा आणि स्प्रिंग. दाब वाढताच पडदा उचलला जातो आणि जादा पेट्रोल टाकीत परतते.

५/७
ॲडजस्टेबल रेग्युलेटरमध्ये त्या स्प्रिंगचा ताण स्क्रूने बदलता येतो. मात्र इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दाब ३ बारवरून ४ बार केला, तर पेट्रोल सुमारे १५ टक्केच वाढते. सामान्य वेगात ऑक्सिजन सेन्सर ही वाढ बरीचशी सावरतो. पूर्ण ॲक्सिलरेटरवर मात्र मिश्रण दाट होते आणि कन्व्हर्टर धोक्यात येतो.

६/७
१ एप्रिल २०१७ रोजी बीएस-४ देशभर लागू झाले. तेव्हा अशोक लेलँडने आयईजीआर तंत्र आणून जुना इनलाइन पंप टिकवला. मिस्त्रीची विद्या आणखी तीन वर्षे उपयोगी राहिली. १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर हजारावर बार दाबाची, संगणकनियंत्रित कॉमन रेल आली.

७/७
धूर घटला, हा लाभ निर्विवाद आहे. त्याची किंमत मात्र महामार्गाकाठच्या कारागिराने मोजली: ज्या दाबावर त्याचा हात बसला होता, तो आता लॅपटॉपशिवाय वाचताही येत नाही.