पायथॉन भाषेची तिसरी आवृत्ती

पायथॉन ही संगणकाच्या कार्यक्रमणाची एक सर्वोपयोगी उच्चस्तरीय भाषा असून तिच्या रचनेस गीडो व्हान रॉसम या डच संगणकतज्ञाने १९८९ च्या अखेरीस ॲम्स्टरडॅम येथे प्रारंभ केला. पहिली जाहीर आवृत्ती फेब्रुवारी १९९१ मध्ये निघाली. भाषेचे नाव सर्पावरून नव्हे, तर ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी नटसंचावरून पडले आहे. वाचनसुलभ मांडणीमुळे ती शास्त्रज्ञ, विद्यार्थी व व्यावसायिक यांच्यात झपाट्याने पसरली आणि या प्रसारातूनच पुढील पेच उद्भवला.

मूळ रचनेतील काही दोष व्हान रॉसम यांना प्रारंभापासून जाणवत होते. दोन पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक गळून पडे. म्हणजे ७ भागिले २ यांचे उत्तर ३ येई. याहून गंभीर दोष मजकुराच्या हाताळणीत होता. जुन्या भाषेत मजकूर म्हणजे वस्तुतः बाइटांची ओळ होती. ऑक्टोबर २००० मधील २.० या आवृत्तीत युनिकोड मजकूर हा वेगळा प्रकार आला. तथापि दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळण्याची मुभा राहिली. मजकूर इंग्रजी असेपर्यंत हे मिश्रण निर्वेधपणे चाले. रोमन लिपीबाहेरचे एखादे अक्षर आले, की आज्ञावली मध्येच कोसळे. इंग्रजी भाषकास हा दोष वर्षानुवर्षे दिसतही नसे. देवनागरीचे उदाहरण बोलके आहे. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. त्यामुळे ‘मराठी’ या शब्दाची लांबी जुनी भाषा सामान्यतः १५ सांगे. नव्या भाषेत ती ५ येते, कारण काना आणि वेलांटी स्वतंत्रपणे मोजली जातात. वाचकास मात्र अक्षरे तीनच दिसतात. तेव्हा हा प्रश्न नव्या भाषेतही पुरता सुटलेला नाही.

हे दोष जुन्या आज्ञावल्यांना धक्का न लावता दूर होण्यासारखे नव्हते. म्हणून २००६ मध्ये ‘पायथॉन ३०००’ या नावाने सुधारणांचा आराखडा लेखी मांडण्यात आला. त्यात मागील आवृत्तीशी सुसंगतता हेतुपूर्वक सोडून देण्यात आली होती. मात्र भाषा मुळापासून नव्याने रचण्याचा मोह टाळलेला होता. मजकूर व बाइट यांची पूर्ण फारकत, भागाकाराची दुरुस्ती आणि छपाईच्या आज्ञेचे फलनात रूपांतर हे तीतील ठळक बदल होत. चलांना रोमनेतर लिपीत, अर्थात देवनागरीतही, नावे देण्याची सोयही तीत होती. ३.० ही आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झाली. एका रूढ चाचणीत ती २.५ पेक्षा सुमारे १० टक्के मंद ठरली.

जुन्या आज्ञावलीचे रूपांतर करणारे साधन पुरविण्यात आले होते. त्याच्या एका फेरीत काम भागेल, ही अपेक्षा फोल ठरली. बहुतेक आज्ञावल्या इतरांनी लिहिलेल्या संचांवर विसंबून असत. ते संच बदलेपर्यंत वापरणाऱ्यास हलता येईना आणि वापरणारे हलेपर्यंत संचकर्त्यांना घाई वाटेना. त्यांना दोन्ही भाषांत चालेल असा एकच मजकूर हवा होता, परंतु युनिकोड मजकुराआधी लिहावयाचा ‘यू’ हा उपसर्ग ३.० मध्ये अनावश्यक म्हणून काढून टाकलेला होता. तो २०१२ मधील ३.३ या आवृत्तीत परत घ्यावा लागला. तात्त्विक दृष्ट्या तो निरर्थक होता. पण स्थलांतर सुकर करण्यात त्याचा वाटा मोठा होता, असे म्हणावे लागते. २.७ ही जुन्या शाखेची अखेरची मालिका २०१० मध्ये निघाली. तिचा आधार २०१५ मध्ये संपावयाचा होता. ती मुदत २०१४ मध्ये वाढवून २०२० करण्यात आली. एप्रिल २०२० मधील २.७.१८ ही तिची शेवटची आवृत्ती होय.

व्हान रॉसम २०१८ मध्ये निर्णायक अधिकारपदावरून दूर झाले व त्यानंतर निर्वाचित मंडळाकडे कारभार आला. अनेक सूत्रांच्या समांतर कार्यास अडसर ठरणारे सामाईक कुलूप काढण्याची सूचना या मंडळाने २०२३ मध्ये स्वीकारली. ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ या आवृत्तीत ती प्रायोगिक स्वरूपात आणि वेगळ्या बांधणीत उपलब्ध करण्यात आली. नेहमीच्या बांधणीत ते कुलूप पूर्ववत ठेवण्यात आले.